मराठी विकिपीडियावरील उत्पात: ओळखावा कसा आणि निस्तरावा कसा

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेव्हापासून त्याचा मूळ नियम एकच राहिला आहे: ज्याला मराठी लिहिता येते त्याने लेख उघडावा, बदल करावा आणि जतन करावा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि बहुतेक पानांवर नावनोंदणीचीही सक्ती नाही. याच मोकळेपणामुळे गावोगावच्या माणसांनी आपल्या गावाचे, नदीचे आणि किल्ल्याचे लेख लिहिले. त्याच वाटेने कोणी तरी येऊन एखाद्या संताच्या चरित्रात शिवी लिहितो, कोणी अर्धे पान पुसून टाकतो, तर कोणी आपल्या दुकानाचा फोन क्रमांक तालुक्याच्या लेखात डकवतो. विकिपीडियावरील मराठीत या सगळ्याला ‘उत्पात’ असा नेमका शब्द रूढ झालेला आहे.

हा लेख अशा वाचकासाठी आहे, ज्याने विकिपीडियावर थोडेफार संपादन केले आहे आणि ज्याला आता लेखांची राखण करावीशी वाटते. त्यासाठी कोणताही विशेष अधिकार लागत नाही. पुढे सांगितलेल्या गोष्टींपैकी बहुतेक कोणत्याही साध्या सदस्याला करता येतात. मात्र नावनोंदणी अवश्य करावी, कारण निरीक्षणसूची (आपण निवडलेल्या लेखांतील बदल दाखवणारी यादी), संदेशांच्या सूचना आणि इतर सदस्यांचा विश्वास हे सर्व खात्याशी जोडलेले असते.

उत्पात कशाला म्हणावे आणि कशाला म्हणू नये

सुरुवात येथूनच करावी लागते, कारण नव्या राखणदाराच्या बहुतेक चुका येथेच होतात. लेखाचे नुकसान करण्याच्या हेतूने केलेला बदल म्हणजे उत्पात. ‘हेतू’ हा शब्द या व्याख्येचा कणा आहे. शिवीगाळ, पान रिकामे करणे, हेतुपुरस्सर खोटी माहिती घुसवणे, निरर्थक अक्षरांची रांग, दुसऱ्याच्या सदस्यपानावरील टवाळी हे उत्पाताचे प्रकार आहेत. चुकीचे शुद्धलेखन, संदर्भाशिवाय घातलेली माहिती, आपल्या गावाची अवाजवी स्तुती, दुसऱ्या संकेतस्थळावरून केलेली नकल-डकव, यंत्राने केलेला ओबडधोबड अनुवाद हे सर्व दुरुस्त करण्याजोगे आहे आणि काही वेळा तातडीने काढण्याजोगेही आहे, परंतु तो उत्पात नव्हे. नुकसान तर सद्भावनेनेही होते, आणि कधी कधी ते उत्पातापेक्षा मोठे असते. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर, ती भाषा नीट न येणाऱ्या एका तरुण संपादकाने वर्षानुवर्षे हजारो लेख लिहिले होते, हे २०२० साली उघडकीस आले. त्याचा हेतू मदतीचाच होता. त्याच्याशी वेळीच कोणी बोलले असते, तर त्या भाषेची आणि त्याचीही पुढची फरफट टळली असती.

मराठीपुरते बोलायचे तर दोन उदाहरणे पुरेशी आहेत. शिवाजी महाराजांच्या जन्माचे साल कोणी १६३० ऐवजी १६२७ केले, तर पहिली प्रतिक्रिया संतापाची होते. परंतु १६२७ हे साल जुन्या पुस्तकांत खरोखर छापलेले आहे. जेधे शकावलीतील फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी इतिहाससंशोधकांनी ग्राह्य धरली आणि राज्य शासनानेही स्वीकारली; तरी ज्याच्या घरात आजोबांच्या काळचे पुस्तक आहे तो माणूस १६२७ हेच लिहिणार. ज्ञानेश्वरांच्या जन्माबाबतही शके ११९३ आणि शके ११९७ अशा दोन परंपरा आहेत. असा बदल पूर्ववत करावा, पण त्याच्या नोंदीत ‘उत्पात’ असे लिहू नये. ‘ग्राह्य धरलेली तिथी ठेवली आहे, मतभेदाची माहिती लेखात संदर्भासह द्यावी’ असे लिहावे.

दुसरे उदाहरण स्थलनामांचे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव असे अधिकृत नामांतर २०२३ साली झाले आणि त्यानंतर अनेकांनी लेखांतील जुनी नावे बदलण्यास सुरुवात केली. शहराचे आजचे नाव लिहिणे योग्यच आहे. परंतु ‘शोधा आणि बदला’ पद्धतीने सर्वत्र एकच शब्द फिरवला की चित्रांच्या फाइलींची नावे बदलून चित्रे दिसेनाशी होतात, संदर्भातील पुस्तकांची मूळ शीर्षके बिघडतात आणि बिहारमधल्या औरंगाबाद जिल्ह्याचेही नामांतर होऊन बसते. येथे सगळे बदल एका टिचकीत उलटवणे हाही अन्याय आणि सगळे तसेच ठेवणे हीही चूक. योग्य ते ठेवून मोडलेले तेवढे जुळवावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण राखणदारीचा मोठा भाग असाच असतो.

अलीकडील बदल कसे वाचावेत

डावीकडील यादीत ‘अलीकडील बदल’ हे पान असते. रोज ठरावीक वेळी ते उघडावे आणि वरच्या गाळण्यांतून प्रथम अनोंदणीकृत व नवागत सदस्यांचे बदल निवडावेत. सांगकाम्यांनी, म्हणजे आज्ञावलीनुसार आपोआप चालणाऱ्या खात्यांनी केलेले बदल वगळावेत. मराठी विकिपीडियाचा व्याप इंग्रजीएवढा नसल्याने, डोळा तयार झाला की एका बैठकीत बरीच मजल मारता येते.

प्रत्येक बदलापुढे कंसात एक आकडा असतो. हिरवा म्हणजे मजकूर वाढला, लाल म्हणजे घटला. हा आकडा अक्षरांचा नसून बाइटचा असतो आणि येथे मराठी संपादकाने एक हिशेब पक्का ध्यानात ठेवला पाहिजे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि चिन्ह म्हणताना व्यंजन, काना, वेलांटी, हलन्त हे सगळे सुटे धरले जातात. ‘विद्यार्थी’ हा एकच शब्द अशा १० चिन्हांचा, म्हणजे ३० बाइटचा होतो. त्यामुळे उणे ५०० असा ठळक लाल आकडा पाहून दचकू नये. मराठीत ती फार तर तीन-चार वाक्यांची काटछाट असते आणि कित्येकदा कोणी तरी पाल्हाळ कमी केलेले असते. याउलट ज्या बदलापुढे शून्य आहे, त्याकडे नवे राखणदार पाहतच नाहीत. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे. कोणी ती १४४६ केली, तर आकडा शून्यच दिसेल. बदलाचा आकार लहान आहे म्हणून त्याचा परिणामही लहान असेल, असे मुळीच नाही.

सारांशाची, म्हणजे जतन करताना बदलाचे कारण लिहिण्याची, जागा रिकामी असणे हे संशयाचे कारण मानू नये, कारण नव्या माणसाला ती जागा कशासाठी आहे हेच ठाऊक नसते. सारांश आणि बदल यांचा मेळ नसणे, उदाहरणार्थ ‘शुद्धलेखन’ असे लिहून परिच्छेद गाळणे, हे मात्र निश्चित संशयास्पद आहे.

फरक उघडून पाहिल्याशिवाय हात लावू नये

नोंदीतील ‘फरक’ या दुव्यावर टिचकी मारली की जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी-शेजारी दिसतात. बदललेला भाग रंगवलेला असतो. तो वाचताना मी तीन प्रश्न क्रमाने विचारतो. आधी काय होते? आता काय झाले? आणि आधीचे तरी बरोबर होते का? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात.

त्या विसराळूपणाची एक आठवण सांगितली पाहिजे. एका लहान गावाच्या लेखात कोणी तरी अनोंदणीकृत सदस्याने तालुक्याचे नाव बदलले होते. संदर्भ नाही, सारांश नाही, म्हणून मी तो बदल क्षणात उलटवला. तो पुन्हा झाला, मी पुन्हा उलटवला आणि इशाराही दिला. तेव्हा त्या माणसाने चर्चा पानावर लिहिले की गाव त्यांचेच आहे, नवा तालुका झाल्याला बरीच वर्षे झाली आणि सात-बाऱ्यावरही तेच नाव आहे. राज्यात १९९९ साली अनेक नवे तालुके झाले होते आणि लेखातील माहिती त्याआधीच्या यादीवरून आलेली होती. मी लेख दुरुस्त केला, क्षमाही मागितली. परंतु त्या पत्त्यावरून पुन्हा कधी एकही संपादन झाले नाही. आपल्या गावाबद्दल लिहू इच्छिणारा, तपशील माहीत असलेला आणि चर्चा पानापर्यंत पोहोचण्याइतका चिकाटीचा तो माणूस होता. मराठी विकिपीडियाला अशी माणसे फार थोडी मिळतात. तेव्हापासून माझा नियम असा आहे की शिवी आणि पुसापुसी पाहताच उलटवावी, बाकी प्रत्येक बदलाला किमान एक शोध द्यावा.

कधी कधी फरकात संपूर्ण ओळ रंगलेली दिसते, पण डोळ्यांना काहीच वेगळे दिसत नाही. ‘दुसऱ्या’ किंवा ‘सूर्य’ यांसारख्या शब्दांतील रफार व अर्धा र टंकित करण्याच्या पद्धती कळफलकानुसार वेगळ्या असतात आणि त्यांत न दिसणारी जोडचिन्हेही येतात. इंग्रजी आकडे मराठीत बदलले तरी प्रत्येक आकड्यामागे २ बाइट वाढतात. हे बदल निरुपद्रवी आहेत. त्यांच्या मागे लागू नये.

फरकानंतर त्या सदस्याचे ‘योगदान’ उघडावे. एकच वाह्यात बदल आहे की दहा लेखांत तोच प्रकार चालू आहे, हे तेथे कळते. पूर्वी नावनोंदणी न केलेल्यांचा आयपी पत्ता उघड दिसत असे. आता विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने त्याऐवजी तात्पुरती खाती आणली असून त्यांचे नाव लाटेसारख्या चिन्हाने आणि सालाने सुरू होते. हे खाते ब्राउझरमधील कुकीवर चालते आणि ९० दिवसांनी संपते. त्यामुळे दुसऱ्या ब्राउझरमधून आलेला तोच माणूस वेगळ्या नावाने दिसतो. एकाच लेखात दोन तात्पुरती खाती एकच खोडी करताना दिसली, तर ती दोन माणसेच असतील असे समजू नये. आणि ती एकच व्यक्ती आहे असा जाहीर आरोपही करू नये.

पूर्ववत करण्याच्या तीन पद्धती

विकिपीडिया ज्यावर चालतो ती मीडियाविकी ही आज्ञावली प्रत्येक जतन केलेली आवृत्ती सांभाळून ठेवते. म्हणून पुसलेला मजकूर खरे तर कोठेही गेलेला नसतो, तो ‘इतिहास’ या पानावर जसाच्या तसा असतो. घाबरण्याचे कारण नाही, घाईचेही नाही.

पहिली पद्धत ‘उलटवा’ या दुव्याची. ती कोणालाही उपलब्ध आहे आणि एकच बदल मागे घेण्यासाठी उत्तम आहे. नंतरच्या कोणी त्याच ओळीत बदल केलेला असेल, तर ती चालत नाही व तसा संदेश दिसतो. जतन करण्यापूर्वी सारांशात कारण लिहावे.

दुसरी पद्धत जुनी आवृत्ती पुन्हा आणण्याची. इतिहासातील शेवटची चांगली आवृत्ती उघडावी, ती संपादनासाठी घ्यावी आणि जतन करावी. पाच-सहा उत्पाती बदल सलग झाले असतील, तर ही पद्धत सोयीची ठरते. यात धोका असा की मधल्या काळात कोणी एखादा संदर्भ जोडला असेल, तर तोही पुसला जातो. म्हणून आधी शेवटची चांगली आवृत्ती आणि सध्याची आवृत्ती यांचा फरक एकत्र पाहावा आणि मधले चांगले बदल नंतर हाताने परत घालावेत.

तिसरी पद्धत ‘द्रुतमाघार’. ती प्रचालकांना, म्हणजे व्यवस्थापनाचे अधिकार असलेल्या सदस्यांना, आणि हा अधिकार मागून घेतलेल्या विश्वासू सदस्यांना मिळते. एका टिचकीत शेवटच्या संपादकाचे सलग सर्व बदल मागे जातात. द्रुतमाघार वापरणारे सर्वांत जास्त फसतात ते येथे: लेखात आधी एका खात्याने शिवी लिहिली आणि त्यानंतर दुसऱ्या खात्याने परिच्छेद पुसला असेल, तर द्रुतमाघार फक्त दुसऱ्याचे बदल मागे घेते आणि पहिल्याची शिवी असलेली आवृत्ती दिमाखात परत येते. शिवाय आता त्या आवृत्तीवर राखणदाराचे नाव लागल्याने पुढे येणारा प्रत्येक जण ‘हे तपासलेले आहे’ असे समजून पुढे जातो. तेव्हा द्रुतमाघारीनंतर पान एकदा वरपासून खालपर्यंत वाचलेच पाहिजे. आणि ज्या बदलाचे कारण सांगणे आवश्यक आहे, त्यासाठी द्रुतमाघार वापरू नये, कारण तिचा सारांश ठरावीक असतो आणि त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही.

इतिहासात न सापडणारा उत्पात

कधी लेखात चुकीची जन्मतारीख किंवा भलतेच चित्र दिसते, पण इतिहासात तसा कोणताही बदल नसतो. नवा सदस्य येथे गोंधळून जातो. मराठी विकिपीडियावरील अनेक माहितीचौकटी, म्हणजे लेखाच्या कडेचे माहितीचे तक्ते, आपली माहिती विकिडेटा या भगिनी प्रकल्पावरून आपोआप घेतात. तेथे कोणी तारीख बदलली की मराठी लेखात ती लगेच दिसते, आणि त्याच बाबीचा उपयोग करणाऱ्या इतर भाषांच्या लेखांतही दिसते. अशा वेळी लेखाच्या बाजूच्या यादीतून विकिडेटावरील बाब उघडावी, तिचा इतिहास पाहावा आणि तेथेच बदल उलटवावा. मराठी लेखात तारीख हाताने टाकून देणे हा आडमार्ग आहे. त्याने आपले पान सुधारते आणि बाकी भाषांत चूक तशीच राहते. ‘अलीकडील बदल’ आणि निरीक्षणसूची या दोन्हींत विकिडेटावरील बदल दाखवण्याची सोय आहे, ती चालू करून ठेवावी.

दुसरी जागा साच्यांची, म्हणजे अनेक पानांत घालता येणाऱ्या तयार मजकुराची. एखादा साचा शेकडो पानांवर वापरलेला असतो आणि त्यात टाकलेली एक ओळ त्या सगळ्या पानांवर उमटते. एकाच वेळी अनेक असंबद्ध लेखांत एकच वाह्यात मजकूर दिसला, तर लेखांत शोधत बसू नये, त्या लेखांत सामाईक असलेला साचा शोधावा. साचा पूर्ववत केल्यावरही काही पानांवर जुनी प्रत थोडा वेळ दिसत राहते. ते पान संपादनासाठी उघडून काहीही न बदलता जतन केले की ताजी प्रत तयार होते आणि इतिहासात नोंदही पडत नाही.

शोधयंत्रांच्या उत्तरांत जुनी शिवी दिसत राहिली, तर तो लेख पुन्हा तपासावा आणि तेथे सर्व ठीक असेल तर वाट पाहावी. त्यांच्या साठवलेल्या प्रती त्यांच्या वेळेने बदलतात.

शांत आवाजातले खोटे

शिवी मिनिटांत सापडते. खरा त्रास देतो तो विश्वकोशीय भाषेत, तटस्थ सुरात लिहिलेला खोटा मजकूर. मे २००५ मध्ये अमेरिकेतील पत्रकार जॉन सीगनथॅलर यांच्यावरील इंग्रजी लेखात, केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा संशय एके काळी घेतला गेला होता, असे कोणी तरी लिहून ठेवले. ते धादांत खोटे होते आणि सप्टेंबरपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, तसेच राहिले. लेख नवा होता, कोणाच्याही निरीक्षणसूचीत नव्हता आणि वाक्ये साधी व गंभीर होती. या प्रकरणानंतर, डिसेंबर २००५ मध्ये, इंग्रजी विकिपीडियाने नावनोंदणी न केलेल्यांना नवीन लेख तयार करण्याची मुभा काढून घेतली.

म्हणून ‘नवीन पाने’ ही यादी दर आठवड्याला पाहावी आणि हयात व्यक्तींवरील लेखांना वेगळी, कडक फूटपट्टी लावावी. हयात माणसाची बदनामी करणारे संदर्भहीन वाक्य ‘संदर्भ हवा’ असा साचा लावून ठेवू नये, ते लगेच काढावे. कोणी जिवंत माणसाच्या लेखात मृत्यूची तारीख घातली असेल, तर विश्वासार्ह वृत्त मिळेपर्यंत ती काढून ठेवावी. अफवा खरी निघाली, तर तास-दोन तास उशिराने कोणाचेही नुकसान होत नाही.

आकडे आणि नावे तपासण्यासाठी मराठी वाचकाजवळ चांगली साधने आहेत. मराठी विश्वकोशाचे खंड आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात. गावांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत मिळते. जिल्ह्यांची दर्शनिका म्हणजेच गॅझेटियर आणि जिल्हा प्रशासनांची संकेतस्थळे तालुके व नद्यांसाठी उपयोगी पडतात. लेखाखाली दिलेला संदर्भही उघडून पाहावा. शांतपणे खोटे लिहिणारा पुष्कळदा जुना संदर्भ तसाच ठेवून त्याच्या पुढचा आकडा बदलतो, कारण टीप जागेवर असली की वाचकाचा विश्वास बसतो. जे तपासता आले नाही आणि बदनामीकारकही नाही, तेथे ‘संदर्भ हवा’ लावून चर्चा पानावर प्रश्न विचारावा.

एका खात्याचा एक आकडा खोटा निघाला, तर त्याची बाकीची सर्व संपादनेही तपासावीत. एका वेळी वीस-पंचवीस पाने लागली तरी हरकत नाही, परंतु हे काम अर्धवट सोडू नये. कारण आपण एक बदल उलटवल्याचे पाहून पुढचा राखणदार ‘या खात्याची दखल घेतली गेली आहे’ असे धरून चालतो.

करणाऱ्याशी बोलणे

बदल उलटवला की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे त्या सदस्याच्या चर्चा पानावर करायचे असते, आणि घाईत असलेला राखणदार नेमके हेच टाळतो. स्वागताचा आणि इशाऱ्याचा तयार साचा असेल तर वापरावा. पण मला स्वतःच्या शब्दांतील दोन ओळी नेहमी अधिक परिणामकारक वाटल्या आहेत. उदाहरणार्थ: ‘नमस्कार. आपण कळसूबाई लेखात केलेला बदल संदर्भ नसल्याने पूर्ववत केला आहे. आपल्याकडे वेगळ्या उंचीचा संदर्भ असल्यास लेखाच्या चर्चा पानावर अवश्य द्यावा. संपादनाचा सराव करायचा असल्यास धूळपाटी हे पान आहे.’ शेवटी सही करावी. ‘आपण’ हे संबोधन शेवटच्या इशाऱ्यापर्यंत सोडू नये. शाळकरी मुलगा असेल तरीही आणि त्याने आपल्याला शिवी दिली असेल तरीही.

उत्पात पुन्हा झाला तर दुसरा संदेश अधिक स्पष्ट असावा: कोणते पान, कोणता बदल, तो का चालणार नाही. तिसऱ्या वेळी, असेच चालू राहिल्यास प्रचालक संपादनास प्रतिबंध करू शकतात, हे सांगावे. त्यानंतर इशारे देत बसू नये. ज्याला लक्ष वेधून घ्यायचे आहे त्याला चावडीवरील (सर्व सदस्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावरील) लांबलचक निषेध, त्याच्या ‘पराक्रमांची’ यादी किंवा उपहास यांतून हवे तेच मिळते. उलटवावे, मोजके लिहावे आणि पुढच्या पानाकडे वळावे.

बदल वादाचा असेल, समोरचा मुद्दा मांडत असेल, तर तो उत्पात राहत नाही, तो मतभेद होतो. मतभेदात पुन्हा पुन्हा उलटवणारा प्रत्येक जण चूक करत असतो, मग त्याची बाजू खरी असली तरी. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत तीनपेक्षा अधिक वेळा उलटवणाऱ्यास प्रतिबंध होऊ शकतो. त्यातून उघड उत्पाताला सूट आहे, म्हणूनच ‘उत्पात’ हा शब्द आपल्या सोयीने ताणू नये. जात, पक्ष आणि ऐतिहासिक व्यक्ती यांवरील लेखांत हा मोह फार होतो.

प्रचालकांकडे केव्हा जावे

प्रचालक हेही स्वयंसेवकच असतात आणि मराठीत ते मोजकेच आहेत. निवेदन देताना पानाचे नाव, सदस्याचे नाव, दोन-तीन फरकांचे दुवे आणि दिलेले इशारे एवढे एकत्र द्यावे. ‘अमुक सदस्य फार त्रास देतो’ या वाक्यावर कोणीही कारवाई करू शकत नाही.

प्रचालकांजवळ मुख्यतः तीन उपाय असतात: सदस्यावर प्रतिबंध, पान काही काळ सुरक्षित करणे आणि संपादन गाळणीत विशिष्ट प्रकारचा मजकूर अडवणे. एकच सदस्य अनेक पानांवर उपद्रव करत असेल तर प्रतिबंध, आणि अनेक सदस्य एकाच पानावर तुटून पडले असतील तर सुरक्षा, असा साधा विवेक असतो. दोन्ही उपाय शक्यतो थोड्या मुदतीचे असावेत असा आग्रह आपणही धरावा.

प्रतिबंधाबाबत महाराष्ट्रातील एक परिस्थिती मुद्दाम सांगण्याजोगी आहे. १४ ते २८ जानेवारी या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास महाविद्यालयांत विकिपीडियाच्या कार्यशाळा होतात. एका प्रयोगशाळेतील तीस-चाळीस विद्यार्थी एकाच वेळी संपादन करू लागतात, त्यांचा आयपी पत्ता एकच असतो आणि निम्मे जण प्रथम स्वतःचे नाव लिहून ‘दिसते का’ ते पाहतात. दूर बसलेल्या राखणदाराला हा संघटित हल्ला वाटतो. तो पत्ता प्रतिबंधित केला, तर कार्यशाळाच बंद पडते आणि त्या मुलांच्या मनात विकिपीडियाची पहिली आठवण बंद दाराची राहते. तेव्हा अशा दिवसांत एकाच ठिकाणाहून निरुपद्रवी बदलांची झड दिसली, तर आधी चावडीवर कार्यशाळेची सूचना आहे का ते पाहावे. आयोजकांनीही आधी कळवावे, सराव धूळपाटीवर करून घ्यावा आणि खाती आदल्या दिवसांत घरूनच उघडायला सांगावीत, कारण एका आयपी पत्त्यावरून दिवसाला साधारणतः सहाच नवी खाती उघडता येतात.

उपद्रवी अनेक भाषांच्या विकींवर फिरत असेल किंवा स्थानिक प्रचालक त्या वेळी उपलब्ध नसेल, तर मेटाविकी या सर्व प्रकल्पांच्या सामाईक संकेतस्थळावर स्टुअर्ड या जागतिक अधिकारधारकांना विनंती करता येते. ते एखादे खाते सर्व प्रकल्पांवर एकदम बंद करू शकतात. विनंती सोप्या इंग्रजीत, दुव्यांसह केली तरी चालते.

जे जाहीरपणे सांगू नये

लेखात कोणाचा फोन क्रमांक, घरचा पत्ता, आधार क्रमांक किंवा अल्पवयीन मुलाची ओळख घातलेली आढळली, तर तो बदल उलटवणे पुरेसे नसते, कारण जुनी आवृत्ती इतिहासात सर्वांना दिसत राहते. ती आवृत्ती प्रचालकाला लपवता येते. प्रचालकांपासूनही दडवायची असेल, तर ते विशेष अधिकार असलेले सदस्य करतात आणि जेथे असे स्थानिक सदस्य नाहीत तेथे स्टुअर्ड करतात. ही विनंती चावडीवर किंवा चर्चा पानावर कधीही करू नये; तेथे लिहिले की ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनाही तो क्रमांक कोठे आहे ते कळते. त्यासाठी विकिपीडियावरून प्रचालकाला ईमेल पाठवण्याची सोय वापरावी. उलटवताना सारांशही साधा ठेवावा.

कोणी आत्महत्येचा किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा मजकूर लिहिला, तर तो खोडसाळपणा आहे की खरा हे ठरवण्याचे काम आपले नाही. विकिमीडिया फाउंडेशनचा तातडीच्या प्रसंगांसाठी स्वतंत्र ईमेल पत्ता आहे. त्यावर दुव्यासह लगेच कळवावे, एखाद्या प्रचालकालाही खासगीत सांगावे आणि त्या मजकुरावर जाहीर चर्चा करू नये.

गर्दीचा प्रसंग

४ सप्टेंबर २०२२ रोजी आशिया चषकातील पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यात अर्शदीप सिंगच्या हातून झेल सुटला आणि काही वेळातच त्याच्यावरील इंग्रजी लेखात त्याचा संबंध खलिस्तानशी जोडणारे बदल करण्यात आले. ते बदल काही मिनिटांतच उलटवले गेले. तरीही त्या मिनिटांतील पडद्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर पसरली, केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने विकिपीडियाच्या प्रतिनिधींकडे स्पष्टीकरण मागितले आणि लेख पुढे नव्या व अनोंदणीकृत सदस्यांसाठी बंद ठेवावा लागला. यातून राखणदाराने घ्यायचे ते हे की काही प्रसंग आधीच ओळखता येतात. क्रिकेटचा मोठा सामना, निवडणुकीचा निकाल, एखाद्या ऐतिहासिक चित्रपटाचे प्रदर्शन, थोर व्यक्तीचे निधन किंवा जयंती यांच्या आदल्या दिवशी संबंधित लेख निरीक्षणसूचीत घालावेत. लेखाच्या वरच्या पट्टीतील चांदणीवर टिचकी मारली की ते होते. उत्पात सुरू झालाच, तर प्रत्येक बदल एकट्याने उलटवत बसण्यापेक्षा पहिल्या तीन-चार बदलांनंतरच अल्पकाळाची सुरक्षा मागावी. आणि मूळ मजकुराचे छायाचित्र काढून ‘पाहा काय लिहिले आहे’ म्हणून पसरवू नये, कारण चार जणांनी वाचलेली बदनामी अशा वेळी चार हजार जणांपर्यंत आपणच पोहोचवतो.

बैठक संपवण्यापूर्वी ज्या पानांना हात लावला ती सर्व निरीक्षणसूचीत गेली आहेत ना, हे पाहावे आणि तीन-चार दिवसांनी ती पुन्हा उघडावीत. ज्या नवागतांना संदेश लिहिले, त्यांचे योगदानही तेव्हाच पाहावे. त्यांच्यापैकी एखाद्याने परत येऊन संदर्भासह एखादी ओळ जोडलेली असेल, तर इतिहासात त्या बदलापुढे ‘धन्यवाद’ असा दुवा असतो, तो दाबावा आणि त्याच्या चर्चा पानावर त्याच्या गावाच्या लेखात काय उणे आहे ते विचारावे.